थोरलीच्या ढिगाची ऊब

माझ्या सवतीसारखी रताळी लावणारी बाई या डोंगरात दुसरी झाली नाही. आज मी हे चारचौघींत मोठ्याने सांगते. पण एक काळ असा होता की कुणी नुसतं तिचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिचं नाव ताकोमे. याकासाने मला लग्न करून आणलं तेव्हा ती चाळिशीला टेकली होती आणि मी विशीचीही नव्हते. गाव तिला थोरली म्हणायचं आणि मला धाकटी. नवरा गावातल्या सगळ्या पुरुषांच्या सामाईक घरात झोपायचा, थोरली तिच्या घरात तिच्या डुकरांसोबत, आणि मी माझ्या नव्या घरात एकटी, कारण माझ्याकडे अजून डुक्करही नव्हतं. प्रत्येकीच्या घराला लागून तिची बाग. कुंपण पुरुषाने घालून द्यायचं, पुढचं सगळं बाईचं. बागेवरून बाईची किंमत ठरायची, अजूनही ठरते.

मी खालच्या दरीतली. दोन दिवस चढून वर आले ते डोक्यावरच्या जाळीच्या पिशवीत वेलांची मोळी घेऊन. आई आदल्याच वर्षी गेली होती आणि हे वेल तिच्या बागेतले होते. तिला ते तिच्या आईने दिलेले. कोंबडीच्या पायासारखं तीन बोटांचं पान, देठाशी लालसर, आणि रताळं चिरलं की पांढऱ्या गरात मधोमध जांभळं कडं. निखाऱ्यात भाजलं की त्याचा वास पार ओढ्यापर्यंत जायचा. वाटेत दोनदा मी मोळी ओढ्यात बुडवून ओली केली. स्वतः पाणी प्यायचं मात्र विसरले.

"बायको आणली की गवताचा भारा?" याकासाचे भाऊबंद त्याला चिडवत होते.

"दोन्ही," तो म्हणाला. फार बोलणारा माणूस नव्हता तो.

माझ्या घरामागे उतार होता आणि उताराच्या तळाशी एक खळगा. त्या खळग्यातली माती मी मुठीत घेतली आणि माझा विश्वासच बसेना. काळीभोर, लोण्यासारखी मऊ. आमच्या दरीत असा तुकडा असता तर भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या असत्या, आणि इथे तो ओसाड पडला होता. मला वाटलं, वरची माणसं आळशी तरी आहेत किंवा मूर्ख तरी.

मी तिथे खणायला सुरुवात केली तशी थोरली कुंपणाशी येऊन उभी राहिली. ठेंगणी, रुंद खांद्यांची, हात कोपरापर्यंत मातीत माखलेले.

"तिथे नको लावूस," ती म्हणाली. "वर उतारावर लाव. खळग्यात थंडी निजायला येते."

"थंडी निजायला येते म्हणजे?"

"म्हणजे येते. आणि ही काय वीतभर माती ओढतेस? मोठा ढीग कर. पोटात गवत भर."

नव्या नवरीला पहिल्याच आठवड्यात सवतीने शिकवायला यावं, तेही तिची जमीन सोडायला सांगत! मी मनात म्हटलं, समजलं, बाईचा डोळा आहे या काळ्या मातीवर. तोंडाने म्हटलं, "माझ्या आईने मला रताळी लावायला शिकवलंय."

"तुझी आई खालची होती," ती म्हणाली.

तिने तसं सहज म्हटलं असेल. मला ते आईवरून ऐकवल्यासारखं लागलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. तीही मनधरणी करणाऱ्यातली नव्हती.

तरी पाहणं काही सुटलं नाही. माझ्या अंगणातून तिची बाग सरळ दिसायची आणि तोंड फिरवून तरी किती वेळ बसणार? ती ढीग रचायची ते बघण्यासारखंच होतं, हे तेव्हाही मला कबूल करावं लागायचं, मनातल्या मनात आणि दात खाऊन. आधी माणूस आडवा मावेल एवढं गोल आखायची. त्यात जुने वेल, उसाची पाती, उपटलेलं गवत, घरातली राख, सगळं पसरून पायाने दाबायची आणि तसंच उघडं ठेवायची. मग रोज सकाळी येऊन त्यात मनगटापर्यंत हात खुपसायची, तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसं. एके दिवशी तिला हवी ती ऊब लागली की भराभर चहूबाजूंनी माती ओढून ते झाकून टाकायची. ढीग कमरेएवढा. वेल लावायची ते निम्म्यापासून वर, पायथ्याशी एकही नाही. असे तेवीस ढीग होते तिचे, आणि एकाचंही पोट पुढे आलेलं नाही की खांदा पडलेला नाही. कुणाची मदत नाही, काही मोजणं नाही, सगळं हाताच्या अंदाजाने. रताळी काढतानाही ढीग फोडायची नाही. बाजूने हात घालून चाचपायची, मोठी काढून घ्यायची, लहानांना पुन्हा माती पांघरून ठेवायची.

माझा खळगाही वाईट नव्हता म्हणा. तीन महिन्यांत आईच्या वेलाने सगळी माती झाकली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबून पाहायच्या आणि मी मान वर करून चालायचे.

आणि मग एक दिवस थोरलीच्या बागेत, सगळ्यांत वरच्या ढिगावर, मला तीन बोटांचं पान दिसलं.

आमच्याकडे वेल कुणी कुणाला नाकारत नाही. मागायचा आणि घ्यायचा. पण न विचारता नेलेला वेल म्हणजे नुसती चोरी नव्हे. असा वेल मागच्या मातीचा कस ओढून नेतो, चोरणारीची रताळी फुगतात आणि जिचा वेल तिची किडतात. हे लहान पोरसुद्धा जाणतं, आणि थोरलीला ते ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

मी आभाळ डोक्यावर घेतलं. तिच्या कुंपणाशी उभी राहून अशी ओरडले की पलीकडच्या डोंगरावरची माणसं काम सोडून बघत राहिली. "चोरटी! मेलेल्या बाईचे वेल चोरतेस! तोंडाने मागितले असतेस तर जीभ झडली असती का?"

ती खणत राहिली.

महिनाभर मी नवऱ्यामागे लागले. शेवटी गावाच्या मोकळ्या मैदानात बैठक बसली. म्हातारा नेंगे, ज्याचा शब्द गावात चालायचा, मधे बसला. त्याने थोरलीला विचारलं, "धाकटीचे वेल घेतलेस?"

"घेतले."

"विचारलंस?"

"नाही."

"का नाही?"

"ती माझ्याशी बोलत नाही."

माणसं हसली. नेंगेलाही हसू आलं, पण ते त्याने खोकल्यात घालवलं. "पण घेतलेस कशाला? तुझ्याकडे काय रताळ्यांना तोटा आहे?"

थोरलीने माझ्याकडे एकदा पाहिलं. "आवडले," ती म्हणाली. 

नेंगेने सांगितलं, थोरलीने धाकटीला डुकराचं एक पिल्लू द्यावं, वेल राहू द्यावेत, विषय मिटला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगायचं तर माझ्यासारख्या बिनडुकराच्या बाईला ते पिल्लू म्हणजे लॉटरीच होती. पण माझं डोकं तेव्हा ठिकाणावर कुठे होतं?

"मला पिल्लू नको," मी म्हटलं. "वेल उपटा. आत्ता, माझ्यासमोर."

याकासाने माझा दंड धरला. मी तो झटकला.

सगळी बैठक उठून थोरलीच्या बागेत गेली. ती ढिगावर वाकली आणि एकेक वेल काढू लागली. मी बघत होते. ती वेल ओढत नव्हती, बुडाशी नखाने खुडत होती, हळूहळू, एकेक करून. मला वाटलं, बाईसाहेबांना हात दुखवून घ्यायचे नाहीत. खुडलेले वेल मी स्वतः गोळा केले आणि तिच्याच डुकरिणीपुढे टाकले. डुकरिणीने ते चटाचट खाल्ले. थोरली तिच्याकडे बघत उभी राहिली. तिचे डोळे भरले होते हे मी पाहिलं आणि मला आनंद झाला. आज त्याची लाज वाटते, पण झाला होता.

त्यानंतर वीस-बावीस दिवस गेले असतील. पाऊस थांबला होता, आभाळ रोज निळंशार. गावातले म्हातारे सारखे वर बघायचे. एका सकाळी मी दार सारलं तर खळगा पांढरा. सगळीकडे राख सांडलीय असं वाटलं. धावत खाली गेले. पानाला हात लावला तर ते कुरकुरलं. ऊन आलं तसं पांढरं गेलं आणि पानं आधी हिरवीगार ओली दिसली. मला वाटलं, वाचली! दुपारपर्यंत ती काळी पडली, उकडल्यासारखी लोंबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पंधरवड्याने मी खणून बघितलं तर रताळी हाताला लिबलिबीत लागली आणि आंबूस वास आला. एकही धड नाही. कुठे जिवंत डोळा राहिलाय का म्हणून मी संध्याकाळपर्यंत ती माती चाळली.

गोठलेलं दंव सगळ्यांवरच पडलं होतं. थोरलीच्याही ढिगांचे खालचे वेल जळाले होते. पण माथ्यावरचे हिरवे होते. खळग्यात थंडी निजायला येते म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ती उतारावरून पाण्यासारखी ओघळत खाली येते आणि तळाशी साचते. आमच्या उबदार दरीत हे कुणाला ठाऊक असणार? मला सांगणारी एकच होती आणि तिला मी चोर ठरवलं होतं.

आईचा वेल गेला होता. नुसता दंवाने गेला असता तर मी रडून मोकळी झाले असते. पण तो थोरलीच्या सगळ्यांत वरच्या ढिगावर वाचला असता. तिथून तो मी काढायला लावला होता आणि माझ्याच हाताने डुकरिणीला घातला होता.

मग दुष्काळ पडला. आमच्याकडे असं झालं की अर्धं गाव खाली सोयऱ्यांकडे जातं, पूर्वापार तसंच चालत आलंय. याकासा आणि मी माझ्या भावाकडे निघालो. थोरली म्हणाली, "मी नाही येत. डुकरांकडे कोण बघणार?" ती नवऱ्याला म्हणाली, मला नव्हे.

मी मनात एकच आशा धरून उतरले. खाली आईचा वेल असेलच. कुणाच्या तरी बागेत, बांधावर, कुंपणात असेल. पण आईची बाग होती तिथे भावाने कॉफी लावली होती. मी घरोघर हिंडले. पान असं असतं, तीन बोटांचं, असं हाताने करून दाखवायचे.

"ते जुनं?" माझी वहिनी म्हणाली. "कोण लावतंय आता ते? नऊ-नऊ महिने वाट बघायची. हे नवीन घे, पाच महिन्यांत पोतं भरतं."

"पण तुझ्याकडे होतं ना?"

"होतं की. डुकरांनी खाल्लं असेल." ती हसली, मग माझं तोंड बघून थांबली. "अगं, रताळंच ना ते?"

चार महिने मी तिथे लोकांच्या बागा खुरपल्या. वेल मिळाला नाही. पाऊस परत आल्याची बातमी आली तशी आम्ही वर निघालो. पिशवीत वहिनीच्या नव्या जातीच्या दोन मोळ्या होत्या, एक माझी, एक थोरलीची. तिला काय बोलून द्यायची ते मी दोन दिवस चालता चालता घोकत होते.

ती दारात बसली होती. मी तिला ओळखलंच नाही. रुंद खांद्यांची हाडं तेवढी उरली होती, गाल आत गेले होते. मागे डुकरं मात्र तीनच्या तीन जिवंत.

"काय खात होतीस?" मी विचारलं. घोकलेलं सगळं विसरून तेच तोंडून आलं. बोलणं टाकल्यापासून तिच्याशी सरळ बोललेले माझे पहिले शब्द.

"माझी रताळी मला आणि डुकरांना दोनच महिने पुरली. मग रानातल्या नेच्याची पानं. दोनदा सरकारी तांदूळ आला. गोड लागत नाही तो." ती माझ्या मोळीकडे बघत होती. "हे काय आणलंस?"

"वेल. तुला. नवीन आहे."

तिने एक पान हातात घेतलं, उलटसुलट केलं. "म्हणजे आईचा नाही मिळाला."

मी मान हलवली. 

"चल," ती म्हणाली आणि भिंतीला धरून उठली.

चढाला ती दोनदा थांबली. सगळ्यांत वरच्या ढिगावर गवताचा जाड थर होता, नीट विणल्यासारखा घातलेला. तिने तो दोन्ही हातांनी बाजूला केला. खाली, ढिगाच्या माथ्यावर, बोट-बोटभर उंचीचे लालसर कोंब होते. त्यातल्या सर्वांत मोठ्याला पान फुटलं होतं. तीन बोटांचं.

मी गुडघ्यांवर बसले.

"हात घाल आत," ती म्हणाली.

मी बाजूने हात घातला. आत अजून ऊब होती. बोटांना रताळी लागली. एक, दोन, मग कितीतरी, कठीण, धडधाकट, काही मनगटाएवढी. मला ते नखाने खुडणं आठवलं. वेल ओढला असता तर ही बाहेर आली असती.

"तू वेल काढायला सांगितले होतेस," ती म्हणाली. "ते मी काढले. दर आठ दिवसांनी गवत बदलत होते. दंव तीनदा पडलं नंतर, पण पोटातलं गवत चांगलं तापलं होतं. यंदाचा हा ढीग बरा जमला." एवढं बोलून तिला धाप लागली.

मी तिच्या हातांकडे पाहिलं, मग हाडांकडे. माझी मूठ अजून ढिगातच होती. एवढं अन्न इथे मातीखाली होतं आणि ही बाई नेच्याची पानं उकडून खात होती.

"तू ही खाल्ली का नाहीस?"

"तुझी होती ना."

"अगं पण मरायला टेकलेली तू! दोन-चार खाल्ली असतीस तर..."

"विचारल्याशिवाय?" ती म्हणाली. "मागच्या वेळी विचारल्याशिवाय घेतलं तर पलीकडच्या डोंगरापर्यंत ओरडत होतीस."

तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू होतं. मला ते दिसलं आणि मी तिथेच, ढिगात हात घालून, लहान पोरीसारखी रडले. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "पुरे. माती थंड होतेय."

मी हात बाहेर काढला तो दोन मोठी रताळी घेऊनच. बाकीच्यांना ती करायची तशी मी माती पांघरली. ते काही मला बरोबर जमलं नाही, तिने पुन्हा केलं. तिच्या चुलीत निखारे होते. रताळी भाजली आणि तो वास आला, आईचा वास, ओढ्यापर्यंत जाणारा. मी मोठं रताळं मोडून अर्धं तिच्यापुढे धरलं.

ती हात पुढे करेना.

"घे ना गं," मी म्हटलं. "आता काय?"

"मला वेलही हवेत याचे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून हवे होते. खळग्यात लावताना बघितलं तेव्हाच जीव तुटला माझा."

"मग माग की. इतकी वर्षं रताळी पिकवतेस, मागता येत नाही तुला?"

ती काटकीने निखारे उगाच इकडेतिकडे सारू लागली. एवढी मोठी बाई, तेवीस ढिगांची मालकीण, पण तिला ते जड जात होतं.

"देशील का?" ती म्हणाली.

"दिले," मी म्हटलं. तेव्हा कुठे तिने ते रताळं घेतलं आणि सालीसकट खाल्लं.